गर्भविकासशास्त्रात पीएचडी झाली, आता कंपनीत जायचंय? सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी पायरी-पायरीने

“ताई, कोंबडीच्या गर्भावर पाच वर्षं घालवली, आता मला कंपनी कशाला घेईल?” उन्हाळ्यात मी सोलापूरला घरी आले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. कधी एमएस्सी झालेला मुलगा, कधी पीएचडी संपत आलेली मुलगी, तर कधी त्यांचे वडील. एके काळी हाच प्रश्न माझा होता, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी सोलापूरला केली. पुण्यात पीएचडी केली, कोंबडीच्या गर्भात पाठीचा कणा कसा घडतो यावर. मग दोन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, आणि दीड वर्ष सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं. आता नऊ वर्षं हैदराबादला आहे, एका काँट्रॅक्ट रिसर्च कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या औषधांच्या चाचण्या करून देणाऱ्या कंपनीत. मधलं दीड वर्ष फार जड गेलं. हातात काम होतं, पण त्या कामाला मागणी कुठे आहे हे सांगणारं कुणीच नव्हतं.

एक गैरसमज आधी काढून टाका. आपण आडबाजूला नाही. राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याहून निघतो आणि सोलापूरवरून हैदराबादला जातो. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे. औषधं आणि लसी बनवणाऱ्या देशातल्या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध आपलं गाव आहे. आपली मुलं पुण्याचा विचार करतात आणि हैदराबादचं नाव निघालं की “इतक्या लांब?” म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत तेलुगू बोलली जाते, त्यांना तर तिथे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटतं.

१. ‘माझा विषय’ बाजूला ठेवा, ‘मला काय येतं’ ते लिहा

“तुम्ही काय करता?” असं विचारलं की आपण जनुकाचं नाव सांगतो. त्या जनुकाशी कंपनीचं काही देणंघेणं नसतं.

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. सगळे माग एकदम धडधडत असायचे, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. तरी कुठल्या मागावर तार तुटली की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. आपल्या हातात तयार होणारं कौशल्य याच जातीचं आहे. कोंबडीच्या गर्भात मणक्यांचे पूर्वज असलेले सोमाइट दर दीड तासाला एका जोडीने वाढतात. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी १९५१ साली अंड्यातल्या २१ दिवसांचे ४६ टप्पे पाडून दिले. तो तक्ता भिंतीवर लावून आपण वर्षानुवर्षं काम करतो. मग अंड्याला खिडकी पाडून आत डोकावलं की क्षणात कळतं, हा गर्भ सहा तास मागे आहे, याचं डोकं नीट वळलेलं नाही, याच्या हृदयाचा ठोका बरोबर नाही. निरोगी गर्भ कसा दिसतो, निरोगी असूनही किती वेगवेगळा दिसू शकतो आणि बिघाड नेमका कुठून सुरू होतो, हे ओळखणारी नजर म्हणजे तुमची खरी कमाई. कंपनी पैसे मोजते ते या नजरेचे.

एक कोरं पान घ्या. डावीकडे पीएचडीत जे जे हातांनी केलं ते लिहा, उजवीकडे त्यातून काय सिद्ध होतं ते लिहा. माझ्या पानावरच्या दोन ओळी देते. डावीकडे: ‘हॅचरीतून फलित अंडी आणून आठवड्याला दीडशे गर्भ वाढवले.’ उजवीकडे: ‘जिवंत नमुन्यांचं वेळापत्रक सांभाळता येतं, गटांमधली तुलना बिघडू न देता मोठी संख्या हाताळता येते.’ डावीकडे: ‘अल्सियन ब्लू आणि अलिझरिन रेडने सांगाडे रंगवले.’ उजवीकडे: ‘कूर्चा आणि हाड वेगळं ओळखता येतं.’ या दुसऱ्या ओळीनेच मला नोकरी मिळाली. पीएचडीत मात्र मी ते काम किरकोळ समजायची.

२. दारं कोणती, ते समजून घ्या

औषधांची गर्भविषयक सुरक्षितता. मी याच दारातून आत आले, म्हणून यावर जास्त लिहिते.

थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध, जे गरोदर बायकाही घेत, १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि १९६१ च्या शेवटी मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातपाय अर्धवट घेऊन जन्मली होती. धोका होता तो गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसात, हातापायांचे कोंब फुटतात तेव्हा. त्याच्या पुढेमागे घेतलेल्या गोळीने हातपाय बिघडत नव्हते. तेव्हापासून गरोदर प्राण्यांवर चाचणी झाल्याशिवाय नवं औषध सहसा पुढे जात नाही, आणि ती चाचणी वाचायला गर्भ कळणारी माणसं लागतात.

ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४१४ क्रमांकाची मार्गदर्शिका या कामाचा कणा आहे. एक कंट्रोल गट (ज्याला औषध देत नाहीत), तीन वेगवेगळे डोस आणि प्रत्येक गटात सुमारे २० गाभण माद्या. डोस निदान गर्भ रुजल्यापासून प्रसूतीच्या जरा आधी गर्भ बाहेर काढतात त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. मग एकेक गर्भ तपासायचा. उंदरांमध्ये साधारण निम्म्या पिल्लांचा सांगाडा बघतात आणि निम्म्यांचे मऊ अवयव. सोबत सशावरही चाचणी होते. त्याचं कारण पुन्हा थॅलिडोमाइडच आहे, उंदरात त्याचा तो परिणाम जवळजवळ दिसतच नाही, सशात दिसतो. माणसांच्या औषधांसाठी आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची एस-५ ही मार्गदर्शिका लागू होते, तिची तिसरी आवृत्ती २०२० ची आहे. ती मुलाखतीआधी वाचाच.

झेब्राफिश. या छोट्या माशावर ज्यांनी काम केलंय त्यांनी ओईसीडीची २३६ क्रमांकाची मार्गदर्शिका वाचावी. फलनापासून ९६ तास गर्भावर नजर ठेवायची आणि चार खुणा बघायच्या: अंडं गोठलं का, सोमाइट बनले का, शेपटी पिवळ्या बलकापासून सुटली का, हृदय धडधडतंय का. पीएचडीवाल्याला हे सोपं वाटेल. पण कंपनीत तेच काम महिनोन् महिने, प्रत्येक वेळी तितक्याच काटेकोरपणे करायचं असतं.

पेशी आणि ऑर्गॅनॉइड, म्हणजे पेशींपासून वाढवलेले अवयवांचे छोटे नमुने. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ साली प्रौढ उंदराच्या पेशींना पुन्हा गर्भावस्थेत नेलं, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींना. त्या पेशींपासून हृदयाच्या पेशी बनवताना आधी विंट (Wnt) नावाचा पेशींमधला संकेत वाढवायचा आणि मग दाबायचा. हा क्रम गर्भाकडूनच शिकलेला आहे, म्हणून आपल्याला तो पाठ करावा लागत नाही. भारताने २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरायला वाट करून दिली. येत्या काळात हे दार मोठं होईल असं माझं मत आहे. सोलापूरच्या पंचविशीतल्या मुलांनी याकडे जास्त लक्ष द्यावं.

आयव्हीएफ. इथे मोठा खड्डा आहे. सोलापुरातही फर्टिलिटी सेंटर आहेत, म्हणून मुलांना वाटतं की गर्भावर पीएचडी झाली म्हणजे आपण एम्ब्रियॉलॉजिस्ट, तिथे गर्भ हाताळणारे तज्ज्ञ. तसं नाही. कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या (एआरटी) कायद्याखाली एम्ब्रियॉलॉजिस्टची पात्रता ठरवून दिलेली आहे आणि मानवी बीजांडं, शुक्राणू व गर्भ हाताळल्याचा प्रत्यक्ष अनुभव मागतात. मासा किंवा कोंबडीवरची पीएचडी त्यात आपोआप बसत नाही. खासगी संस्थांचे महागडे ‘शॉर्ट कोर्स’ करण्याआधी नियम स्वतः वाचा. त्या प्रमाणपत्राने पात्रता मिळते का, हे लेखी विचारा.

बाकी दोन दारं थोडक्यात. वनस्पतींच्या वाढीवर काम केलं असेल तर केगावचं डाळिंब संशोधन केंद्र घराजवळ आहे, आणि डाळिंबाच्या ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांचा धंदा आपल्याच भागातल्या शेतकऱ्यांवर चालतो. लिहिण्याची आवड असेल तर औषध कंपन्यांत अहवाल आणि परवानग्यांची कागदपत्रं लिहिणारे विभाग असतात.

३. प्रयोगशाळेतली सवय आत्ताच बदला

सुरक्षिततेच्या चाचण्या जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस), म्हणजे प्रयोगशाळेतल्या कामाच्या शिस्तीच्या नियमांखाली होतात. भारतात त्यावर देखरेख करणारं राष्ट्रीय प्राधिकरण २००२ पासून आहे आणि २०११ पासून इथली माहिती ओईसीडीतले देश मान्य करतात. त्यामुळेच ही कामं आपल्याकडे येतात.

या सगळ्याचं सार एका वाक्यात सांगतात: जे लिहिलं नाही, ते केलं नाही. पीएचडीत आपण टिश्यू पेपरवर आकडा लिहून संध्याकाळी वहीत उतरवतो. कंपनीत तो टिश्यू पेपर हाच मूळ पुरावा ठरतो, फेकला तर चौकशी होते. आजपासून हे सुरू करा: शाईच्या पेनने लिहायचं, चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, बाजूला कारण, सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. सहा महिन्यांनी मुलाखतीत “माझी वही अशी आहे” म्हणून सांगता येतं, आणि ते खरं असल्याचं समोरच्याला लगेच कळतं.

४. कागदपत्रं

माझी पहिली ऑफर कागदामुळे गेली. व्हायवा (पीएचडीची तोंडी परीक्षा) झाला होता, पण पीएचडीचं नोटिफिकेशन एका कार्यालयात चार महिने अडकलं. कंपनी दोन महिने थांबली आणि मग तिने दुसऱ्याला घेतलं. म्हणून व्हायवाच्या दुसऱ्या दिवसापासून पाठपुरावा करा, प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि पोचेवरचा आवक क्रमांक वहीत टिपून ठेवा. फाइलमध्ये हे हवं:

- दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदव्या
- पीएचडीचं नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट
- फेलोशिपचं मंजुरीपत्र, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दाखवणारं पत्र
- तासिका तत्त्वावरच्या कामाचं अनुभवपत्र, कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीचं
- प्राणी हाताळले असतील तर प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि प्रशिक्षणाचं पत्र
- आधार, पॅन, पासपोर्ट, आणि आधी पीएफ कापला गेला असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक)
- टिटॅनस आणि हिपॅटायटिस बीच्या लसींची नोंद, प्राण्यांच्या विभागात बऱ्याच ठिकाणी मागतात

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब, आणि लग्नानंतर तर सगळंच वेगळं. पार्श्वभूमी तपासणारी संस्था परराज्यातली असते, तिला आपली पद्धत माहीत नसते. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत काढून ठेवा. नुसता क्रम वेगळा असेल तर एक प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

५. बायोडाटा आणि ओळखी

बायोडाटा दोन पानांचा हवा. माझा सात पानांचा होता, त्यात पोस्टर सादर केलेल्या प्रत्येक परिषदेचं नाव होतं. आता मी स्वतः बायोडाटे चाळते, त्यामुळे सांगू शकते: वरच्या अर्ध्या पानात कामाचं काही दिसलं नाही तर खालचं कुणी वाचत नाही. पहिल्या पायरीतल्या पानाची उजवी बाजू इथे वर येऊ द्या. शोधनिबंध शेवटी, तीन पुरे.

ओळखीसाठी आपल्याच कॉलेजातून आणि विद्यापीठातून कंपन्यांत गेलेले लोक शोधा. त्यांना “नोकरी आहे का?” असं विचारू नका. “तुमचा दिवस कसा जातो?” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर येत नाही, दुसऱ्याला लोक अर्धा तास बोलतात.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

६. मुलाखत

मला विचारलेला आणि आता मी इतरांना विचारते तो प्रश्न: “कंट्रोल गटात २४० गर्भांपैकी तिघांत एक दोष दिसला, मोठ्या डोसच्या गटात २४० पैकी बारांत. काय म्हणाल?” मी लगेच टक्के काढले आणि औषध दोषी ठरवलं. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “ते बाराही एकाच आईच्या पोटातले असतील तर?” मी गप्प झाले. एका मादीची पिल्लं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. डोस आईला दिलेला असतो, म्हणून गणिताचं एकक आई, पिल्लू नाही. पीएचडीत मी अंड्यांवर काम केलं होतं, जिथे एक अंडं म्हणजे एक गर्भ, त्यामुळे हा विचार डोक्यात आलाच नव्हता. तिथे माझी निवड झाली नाही. पुढच्या ठिकाणी असाच प्रश्न आला तेव्हा मी आधी विचारलं, “हे किती माद्यांच्या पिल्लांतले आहेत?” आणि तिथून बोलणंच वेगळं झालं.

“संशोधन सोडून का येताय?” हा प्रश्न ठरलेला असतो. कॉलेजबद्दल तक्रारी सांगू नका, खऱ्या असल्या तरी. या कामात तुम्हाला काय करावंसं वाटतं ते सांगा.

आणखी एक. टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे औषधांचे घातक परिणाम तपासण्याच्या कामात, पशुवैद्यक आणि एमफार्म झालेल्यांना बऱ्याचदा पसंती मिळते. पीएचडी असूनही सुरुवातीला चाचणीची सूत्रं हातात येत नाहीत, गर्भ तपासणीच्या टेबलावर बसवतात. ते मनाला लावून घेऊ नका. आपली नजर कामाला येते ती तिथेच.

७. ऑफर

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा बघून हुरळू नका, हातात काय येणार ते लेखी मागा. पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. तुलनेसाठी लक्षात ठेवा, जानेवारी २०२३ पासून सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची महिन्याची ज्युनियर फेलोशिप ३७,००० आणि सीनियर ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. माझा पहिला हातात येणारा पगार पोस्टडॉकपेक्षा जेमतेम जास्त होता. फरक पुढच्या तीन वर्षांत पडला.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हणा, साक्षांकित प्रती द्या. बाँड असेल तर किती महिन्यांचा, किती रकमेचा, आणि कंपनीने काढून टाकलं तर काय, हे वाचल्याशिवाय सही करू नका. पीएचडीचे राहिलेले शोधनिबंध रुजू होण्याआधी पाठवून टाका. नंतर वेळ मिळत नाही, आणि कंपनीतल्या कामावर निबंध लिहायची मुभा बहुधा नसते.

८. पहिले सहा महिने

मला सुरुवातीचे सहा आठवडे फक्त कंट्रोल गटांचे सांगाडे दिले होते. काचेच्या बाटलीत ग्लिसरीनमध्ये तरंगणारा, नखाएवढ्या बरगड्यांचा, लालभडक रंगलेला उंदराचा गर्भ. सूक्ष्मदर्शकाखाली बरगड्या मोजायच्या, उरोस्थीचे (छातीच्या मधल्या हाडाचे) तुकडे मोजायचे, मग पुढचा. नियमाने बरगड्यांच्या तेरा जोड्या. पण औषधाचा थेंबही न दिलेल्या आईच्या पिल्लातही कधी चौदावी छोटी बरगडी दिसते, कधी उरोस्थीचा एखादा तुकडा रंगच घेत नाही. हे बदल नैसर्गिकरीत्या किती वेळा येतात, त्याची जुनी आकडेवारी प्रत्येक प्रयोगशाळेजवळ असते. रुजू झाल्या झाल्या ती मागून घ्या आणि पाठ होईपर्यंत वाचा. ती डोक्यात नसेल तर साधा फरक दोष वाटतो, किंवा खरा दोष साधा फरक म्हणून सुटतो. यातली दुसरी चूक झाली तर ती शेवटी कुणाच्या तरी घरातल्या बाळापर्यंत पोहोचते.

माझं आणि माझ्या वरिष्ठांचं वाचन जुळायला चार महिने लागले. तोवर त्या रोज संध्याकाळी माझ्या दहा बाटल्या पुन्हा बघायच्या आणि जिथे मत वेगळं पडेल तिथे मला बोलावून घ्यायच्या. तुम्हाला असं कुणी बोलावत नसेल तर तुम्ही स्वतः जा.

मे महिन्यात मी पुन्हा सोलापूरला आहे. भेटायला येणाऱ्यांनी बायोडाटा आणू नका. पहिल्या पायरीतलं ते पान दोन्ही बाजूंनी भरून आणा, आपण तिथूनच सुरुवात करू.